क्रिएटिन घेणाऱ्यांनो, तुमचे अनुभव सांगा

सहा महिने क्रिएटिन मोनोहायड्रेट (व्यायामात ताकद वाढवायला घेतात ती पावडर) घेतोय, रोज ५ ग्रॅम. गेल्या महिन्यात ऑफिसच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम तपासायचा रक्तातला आकडा) १.४५, म्हणजे जरा जास्त आलं आणि आईने डबाच लपवला. डॉक्टरांनी नीट समजावलं. क्रिएटिन शरीरात वापरलं गेलं की त्याचं क्रिएटिनिन होतं, त्यामुळे पावडर घेणाऱ्याचा किंवा भरपूर स्नायू असलेल्याचा आकडा किडनी ठणठणीत असूनही थोडा चढा दिसू शकतो. सिस्टाटिन सी ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी करायला लावली, कारण त्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. ती नॉर्मल आली, लघवीतही प्रोटीन नाही. पण मधले आठ दिवस झोप लागली नव्हती. तुम्ही किती घेता, काय त्रास झाला? ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

– ट्रेनरने लोडिंग (स्नायूंतला साठा पटकन भरायला सुरुवातीचा मोठा डोस) सांगितलं होतं, दिवसाला २० ग्रॅम, चार वेळा विभागून. मी घाईत १०-१० ग्रॅम दोनदा प्यायचो. तिसऱ्या दिवशी जुलाब. आता जेवणानंतर ३ ग्रॅम. स्नायूंतला साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात, पण पोट शांत आहे.

– पहिल्या आठवड्यात माझं वजन दीड किलो वाढलं, मी घाबरून बंद करणार होते. ते स्नायूंत धरलेलं पाणी होतं. मी शाकाहारी आहे, आमच्या स्नायूंत मुळात साठा कमी असतो. स्क्वॉटच्या शेवटच्या दोन रेप्स आता निघतात.

– क्रिएटिनने केस गळतात का, असं विचारणाऱ्यांसाठी: ती भीती २००९ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंवरच्या छोट्या अभ्यासातून आली. त्यात टक्कल पडण्याशी जोडलं जाणारं डीएचटी हार्मोन वाढलेलं दिसलं, केस कुणी मोजलेच नव्हते. माझे केस गळतात, पण ते क्रिएटिनच्या आधीपासून. वडिलांना तिशीतच टक्कल पडलं होतं.

– माझं वय ५२, मधुमेह आहे, लघवीतून प्रोटीन जातं. मुलाचा डबा बघून मीही सुरू केलं, डॉक्टरांना सांगितलं नाही. क्रिएटिनिन १.६ आलं आणि त्यांनी मधुमेहाच्या गोळीचा डोस कमी केला. मग मी कबूल केलं. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "तुमच्या किडनीचं खरं काय चाललंय ते मला या आकड्यातून कळणार कसं?" क्रिएटिन बंद करून महिन्याने पुन्हा रक्त दिलं. १.४ आलं. वरचे ०.२ डब्याचे होते. हे १.४ माझ्या किडनीचे.