एअर इंडियाची व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना): ३० जूनच्या आत अर्ज भरावा का?

कलिनावासी (जून २०२२)
आमच्या ह्यांचं वय ५६, इंजिनिअरिंग स्टोअर्समध्ये ३१ वर्षं सर्व्हिस. ५५ वय आणि २० वर्षं नोकरी, या दोन्ही अटींत ते बसतात. स्कीम ३१ जुलैपर्यंत आहे, पण ३० जूनच्या आत अर्ज दिला तर वर काही जास्तीची रक्कम मिळते. नेमकं त्यामुळेच घरात रोज वाद होतात. कंपनी जानेवारीत सरकारकडून टाटांकडे गेली, म्हणून दीर म्हणतात, "आत्ता घे, नाहीतर टाटा काढून टाकतील." त्यात एअर इंडिया कॉलनीतलं घरही सोडायचंय. धाकटीचं इंजिनिअरिंग अजून दोन वर्षं आहे. काय करावं?

विदुला, ठाणे
ताई, मी एका खासगी विमान कंपनीत केबिन क्रू होते. २०२० मध्ये बिनपगारी रजा 'स्वेच्छेने' घ्या म्हणाले. पगार बंद म्हणजे पीएफमध्येही काही जमा होत नाही, घराचा हप्ता मात्र थांबत नाही. ज्यांच्या घरी दुसरा पगार होता त्यांना ती रजा झेपली, बाकीच्यांनी दागिने गहाण ठेवले. व्हीआरएसमध्ये निदान हातात रक्कम येते. पण एकदा सही केली की परत फिरता येत नाही.

बाबा_डोंबिवली
वहिनी, मी विमान दुरुस्तीच्या हँगरमध्येच आयुष्य काढलं, म्हणून स्पष्ट सांगतो. दिरांची भीती मनातून काढा. विक्रीच्या अटींप्रमाणे पहिलं वर्ष कुणालाही कमी करता येत नाही, म्हणजे जानेवारी २०२३ पर्यंत नोकरी पक्की. त्यानंतरही माणसं कमी करायची तर आधी व्हीआरएस द्यावी लागेल. तेव्हा घाबरून नको, हिशेब करून ठरवा.

आणि हिशेब मिळणाऱ्या रकमेचा नाही, सुटणाऱ्या पैशांचा करा. निवृत्ती ५८ ला, म्हणजे २४ महिन्यांचा पूर्ण पगार. समजा बेसिक आणि डीए मिळून ६० हजार. कंपनीचा १२ टक्के पीएफ महिना ७,२०० होतो, दोन वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास जातात. ग्रॅच्युइटी ६० हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. आज साधारण १० लाख ७३ हजार मिळतील, दोन वर्षं थांबलात तर त्यात ७० हजारांच्या आतबाहेर भर. ग्रॅच्युइटीत फार जात नाही, जातं ते पगारात. शिवाय व्हीआरएसच्या रकमेतले ५ लाखच करमुक्त, त्यावरच्या रकमेवर टॅक्स. स्कीमच्या पत्रातली रक्कम या सगळ्याशेजारी मांडून बघा. निवृत्तांना मिळणारे औषधोपचार व्हीआरएस घेतल्यावरही मिळतील का, हे पर्सोनेल विभागाकडून लेखी घ्या. तोंडी 'हो' चालत नाही.

आता मनातलं. २०२० च्या शरद ऋतूत अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीचे सुमारे १७ हजार लोक लवकर निवृत्ती वगैरे घेऊन गेले आणि ४० हजारांवर लोकांनी बिनपगारी रजा घेतली. त्यामुळे बाकीच्यांना काढायची पाळी टळली. त्याच वेळी अमेरिकन एअरलाइन्सने १ ऑक्टोबरला १९ हजारांना घरी बसवलं. ज्येष्ठांनी आपणहून जागा सोडली तर पोरांचं पोट वाचतं, हे मी मानतो आणि अशा माणसांविषयी मला आदर आहे. पण ज्याची मुलगी अजून शिकतेय त्याच्यावर तो भार टाकणं मला पटत नाही. ज्यांच्या जबाबदाऱ्या संपल्यात त्यांनी जावं.

कलिनावासी
बाबा, फार उपकार. पत्रातली रक्कम मांडली तर २४ महिन्यांच्या पगारापेक्षा कमीच भरते, हे काल कळलं. घराचं काय करायचं ते वेगळं बघू. सोमवारी हे पर्सोनेलला अर्ज देतायत, औषधोपचाराचं उत्तर लेखी मागायला. ते हातात येईपर्यंत व्हीआरएसचा फॉर्म भरणार नाही, मग ३० तारीख गेली तरी चालेल.