मुलगी एमडी-पीएचडी करायचं म्हणते. आठ वर्षं! जाणकारांनी सांगा

एडिसनकर

नमस्कार मंडळी.

मी मूळचा कऱ्हाडचा, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत, सॉफ्टवेअरमध्ये. घराण्यात डॉक्टर कोणी नाही. आत्याचे यजमान गुरांचे डॉक्टर होते, तेवढंच. लेक इथेच जन्मली, रटगर्स युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे. ती डॉक्टर होणार हे आठवीपासून ठरलेलं आणि आमची काही हरकत नव्हती (कुठल्या मराठी आईबापाची असते?). पण या थँक्सगिव्हिंगला घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मी नुसत्या एमडीला नाही, एमडी-पीएचडीला अर्ज करणार आहे." (इथली एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी डॉक्टरकीची पहिली पदवी, आणि तिच्या मध्येच संशोधनाची पीएचडी.) आई खूश, दोन डिग्र्या म्हणून. मी विचारलं, किती वर्षं? "साधारण आठ." त्यापुढे रेसिडेन्सी (इस्पितळातलं प्रशिक्षण) वेगळी, फेलोशिप (त्यापुढचं विशेष प्रशिक्षण) वेगळी.

मग मी आपला एक्सेल उघडून बसलो. नुसतं एमडी केलं तर दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज, पण पूर्ण डॉक्टरचा पगार चार वर्षं आधी सुरू. एमडी-पीएचडीला फी माफ, वर राहण्या-खाण्यापुरता स्टायपेंड. कसंही फिरवलं तरी कर्ज फेडून एमडीवालाच पुढे जातो. शीट तिला पाठवली. उत्तर आलं, "बाबा, ही तुझी शीट आहे, माझी नाही."

आता मला कळत नाही ते विचारतो. फुकट शिकवून वर पैसे देतात, म्हणजे कुठे तरी अडकवत असतील ना? आपल्याकडच्या बॉण्डसारखं काही? मधली चार वर्षं लॅबमध्ये काढल्यावर रुग्ण तपासणं विसरत नाहीत का? एमडी होऊन संशोधन करता येत नाही का, पीएचडी कशाला? आणि लग्न, मुलंबाळं या सगळ्यात कुठे बसवायची? (बायको म्हणाली हे विचारू नकोस. विचारलं.)

---

वाकडेवाडी

आठ वर्षं जास्त वाटतात? माझा भाचा इथे एमबीबीएसला साडेपाच वर्षं, मग पीजीच्या नीटसाठी घरी बसून अभ्यास, आता एमडीला तीन वर्षं. सरकारी कॉलेजचा ग्रामीण सेवेचा बॉण्ड त्यालाही होताच, नाही केला तर दहा लाख भरायचे. आणि यात संशोधन म्हणाल तर एमडीचा थिसिस, तो कसा लिहिला जातो ते विचारू नका. पोरीला जाऊ द्या.

---

गॅमाग्लोबिन

एडिसनकर दादा, मी याच वाटेने आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. नागपूरहून शाळेत असताना आईबाबांबरोबर इकडे आले, मिडवेस्टमध्ये एमडी-पीएचडी केलं, आता लहान मुलांच्या रक्तविकारांची डॉक्टर आहे. आठवड्यातला एक दिवस ओपीडी, बाकी लॅब.

आधी बॉण्डचं. बॉण्ड नाही. एनआयएच (अमेरिकी सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) १९६४ पासून मेडिकल स्कूलांना या शिक्षणासाठी अनुदान देते, त्या योजनेला एमएसटीपी म्हणतात. पहिल्या तीन शाळा होत्या अल्बर्ट आइनस्टाइन, एनवाययू (न्यू यॉर्क युनिव्हर्सिटी) आणि नॉर्थवेस्टर्न. आता पन्नासाहून जास्त आहेत. अनुदानातून काही विद्यार्थ्यांचा खर्च निघतो, उरलेल्यांचा शाळा आणि पुढे लॅबच्या ग्रँट उचलतात. हेतू साधा होता. डोक्यावर कर्ज असलेला तरुण डॉक्टर कमी पगाराच्या लॅबमध्ये येत नाही, म्हणून कर्जच होऊ द्यायचं नाही. तरी १९७९ मध्ये जेम्स विनगार्डन यांनी संशोधक डॉक्टर ही नामशेष होत चाललेली जात आहे असं लिहिलं होतं, आणि ते रडगाणं आजही चालू आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी संशोधन हेच मुख्य काम असलेले शंभरातले जेमतेम दीड-दोन.

पण "फुकट आहे" म्हणून ही वाट धरू नये. गंमत बघा, एनवाययूने २०१८ मध्ये सगळ्याच एमडी विद्यार्थ्यांची फी माफ केली आणि आइनस्टाइनने २०२४ मध्ये, एका निवृत्त प्राध्यापिकेने दिलेल्या शंभर कोटी डॉलरमधून. म्हणजे पहिल्या तीनपैकी दोन शाळांत तुमच्या शीटमधला फी माफीचा रकाना आता निरर्थक आहे. तिथे चार जास्तीची वर्षं देणारा फक्त पीएचडीसाठीच देतो.

आता विसरण्याचं. साधारण दोन वर्षं मेडिकलचे वर्ग, मग लॅबची तीन ते पाच, थिसिस झाला की परत वॉर्डात. परत येणं अवघडच जातं. माझ्याबरोबर पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलावर असलेली मैत्रीण तोवर सीनिअर रेसिडेंट झाली होती आणि मी तिच्या हाताखाली थर्ड इयरची विद्यार्थिनी. ती सकाळी राउंडला पोटॅशियम विचारायची आणि मी प्रिंटआउट चाळत बसायचे. ज्ञान दोन-तीन महिन्यांत परत येतं. वेग यायला जास्त वेळ लागतो. बऱ्याच शाळा लॅबच्या वर्षांतही आठवड्याला अर्धा दिवस क्लिनिक ठेवतात. मुलाखतीत तिने हे नक्की विचारावं.

पीएचडी कशाला, याचं उत्तर मी माझ्या विषयातलं देते. जन्माआधी बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, गर्भातलं. जन्मानंतर ते बंद होतं आणि मोठ्यांचं सुरू होतं. सिकल सेल या रक्ताच्या आजाराची खोट मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये, म्हणून ही मुलं पहिले काही महिने ठणठणीत असतात आणि मग दुखणी सुरू होतात. गर्भातलं हिमोग्लोबिन परत सुरू करता आलं तर? हे सगळ्या रक्तविकारतज्ज्ञांना माहीत होतं. बटण कुठे आहे ते सापडत नव्हतं. हार्वर्डचा एमडी-पीएचडीचा विद्यार्थी विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन यांच्या लॅबमध्ये. मोठ्या लोकसंख्येच्या जनुकीय अभ्यासांतून बीसीएल-११-ए नावाच्या जनुकाकडे बोट दाखवलं जात होतं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हाच जनुक गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवतो. निबंध २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. रक्तपेशींपुरता त्या जनुकाचा आवाज बंद करणारा क्रिस्परचा (जनुकात बदल करण्याच्या तंत्राचा) उपचार, कॅसजेव्ही, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. पंधरा वर्षं. हा प्रश्न नुसत्या जनुकशास्त्रज्ञालाही सुटला असता, पण कळा येऊन ओरडणारं पोर ज्याने वॉर्डात पाहिलंय तो कुठल्या जनुकामागे वर्षं घालवायची हे वेगळं ठरवतो, असं माझं मत. मी त्याच विषयातली असल्याने पक्षपाती आहे.

खरी किंमत मात्र त्या आठ वर्षांत नाही दादा, नंतर आहे. रेसिडेन्सी, फेलोशिप, मग एनआयएचची, तरुण संशोधक डॉक्टरांसाठीची के०८ सारखी ग्रँट, जिच्यात पंचाहत्तर टक्के वेळ संशोधनाला द्यावाच लागतो आणि विभागप्रमुखाला तेवढा वेळ तुम्हाला रुग्णांपासून मोकळं ठेवावं लागतं. कागदावर सगळे ठेवतात. स्वतःची पहिली मोठी ग्रँट, आर०१, मिळेस्तोवर बहुतेकांनी चाळिशी ओलांडलेली असते. तुमच्या शीटला एक कॉलम जोडायचा तर हा जोडा.

मुलांचं: माझी मोठी लॅबच्या वर्षांत झाली, धाकटा फेलोशिपमध्ये. लॅबची वर्षं त्या मानाने बरी, वेळ आपल्या हातात असतो. पेशींना रविवारी खाणं घालावं लागतं एवढंच. वहिनी म्हणाल्या ते बरोबर होतं, पण विचारलंत ते बरं केलंत. मुली एकमेकींना हे विचारतातच.

---

बेथेस्डाचे आजोबा

गॅमाग्लोबिन यांनी छान लिहिलं आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन, १९८५ चं नोबेल, कोलेस्टेरॉलचं. रॉबर्ट लेफकोवित्झ, २०१२ चं. तिघेही १९६६ चे एमडी, पीएचडी एकाचीही नाही. शिकले कुठे? इथे, एनआयएचमध्ये. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, डॉक्टरांनाही सक्तीची भरती होती आणि पब्लिक हेल्थ सर्व्हिसमधून एनआयएचला काम केलं की ती सेवा धरली जाई. देशातले हुशार तरुण डॉक्टर रांगेने इथे आले. लोक त्यांना (लष्कराच्या हिरव्या टोपीवाल्या ग्रीन बेरेंवरून) "पिवळ्या टोप्या" म्हणून चिडवत. मी इथे आलो तेव्हा ते सगळे निघून गेले होते, पण त्यांच्या गोष्टी कँटीनमध्ये अजून चालत.

तेव्हा पीएचडीशिवाय होतं, होऊ शकतं. मात्र आज डॉक्टरला दोन-तीन वर्षं निवांत लॅबमध्ये बसवणारी ती सक्ती नाही, आणि जीवशास्त्रही तेव्हाइतकं आटोपशीर राहिलेलं नाही. रेसिडेन्सीनंतर संशोधनात शिरणाऱ्याला कर्ज, घर, पोरं सांभाळून पिपेट धरायला शिकावं लागतं. दुसऱ्या बाजूचीही नावं देतो, नाहीतर गॅमाग्लोबिन रागावतील: ड्रू वाइसमन बॉस्टन युनिव्हर्सिटीचे एमडी-पीएचडी, ग्रेग सेमेन्झा पेनसिल्वेनिया युनिव्हर्सिटीचे, दोघेही नोबेलवाले.

---

चांदा_एमडी

मी चंद्रपूरला मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. सिकलचे रुग्ण रोज. गॅमाग्लोबिन, तुमची गोष्ट वाचून आनंद झाला आणि चिडचिडही झाली. कॅसजेव्हीची तिकडची जाहीर किंमत बावीस लाख डॉलर. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटला हायड्रॉक्सियुरिया (सिकलचं नेहमीचं औषध) महिनाभर सलग मिळाली तरी आम्ही खूश असतो.

इथे अशी जोडडिग्री सहज मिळत नाही. आयसीएमआरची एसटीएस आहे, एमबीबीएसच्या मुलांना दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प. मी केला होता, चांगला अनुभव, पण पुढे काही नाही. २००८ पासून इंडिया अलायन्सच्या (भारत सरकार आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या) संशोधन फेलोशिप आहेत, डॉक्टरांसाठी वेगळ्या. टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेत जीवशास्त्राच्या पीएचडीला एमबीबीएस चालतं हे आमच्या बॅचमध्ये कोणाला ठाऊकही नव्हतं. बेंगळुरूच्या आयआयएससीला २०२२ मध्ये ४२५ कोटींची देणगी मिळाली, तिथे इस्पितळाबरोबर एमडी-पीएचडीचा बेत आहे. बघू.

आणि गाडी आपल्याकडेच आधी आली होती हो. कोलकात्याचे शंभूनाथ डे. डॉक्टर होऊन लंडनला गेले, १९४९ मध्ये पीएचडी करून परतले. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधायचा आणि त्यात कॉलऱ्याचं द्रव सोडायचं, एवढ्या साध्या सामानावर १९५९ मध्ये कॉलऱ्याचं विष असतं हे सिद्ध केलं. जंतू गाळून टाकले तरी आतड्यात पाणी भरतंच. रुग्ण बाजूच्या वॉर्डात होते, म्हणून प्रश्न नेमका सुचला. एडिसनकर, मुलीला एवढंच सांगा, शिकून झालं की सुट्टीत इकडे चक्कर टाक.

---

एडिसनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाकडेवाडी, तुमच्या भाच्याला शुभेच्छा.

हे सगळं लेकीला वाचून दाखवलं (तिला देवनागरी अडखळत येते). शंकरनचं नाव तिला माहीत होतं, शंभूनाथ डेंचं नव्हतं. चंद्रपूर नकाशावर शोधलं. ती दीड वर्षं एका लॅबमध्ये काम करतेय हे मला माहीत होतं. शनिवारी सकाळी उंदरांसाठी उठून जाते हे तिच्या आईला माहीत होतं, मला नाही.

शीट अजून बंद केलेली नाही, चाळिशीचा कॉलम जोडला. आता व्यवहाराचं एकच विचारतो: अर्ज एकच की दोन? आणि एमडी-पीएचडीला नाही मिळालं तर नुसत्या एमडीचीही संधी जाते का?

---

गॅमाग्लोबिन

अर्ज एकच, एएमसीएएस या मेडिकल स्कूलांच्या सामाईक अर्जसेवेतून. फक्त दोन निबंध जास्तीचे: एक एमडी-पीएचडी का, आणि दुसरा लांबलचक, आजवर केलेल्या संशोधनावर. दुसऱ्यात लॅबने काय केलं ते लिहू नये. तिने स्वतः काय केलं, काय चुकलं, मग काय बदललं ते लिहावं. मुलाखतीत त्यावरच उलटसुलट विचारतात. शिफारसपत्र प्रत्यक्ष काम पाहिलेल्या पीआयचंच (लॅबप्रमुखाचंच) घ्या, मोठं नाव नको.

नाही मिळालं तर काही शाळा तोच अर्ज एमडीसाठी बघतात, काही नाही. प्रत्येक शाळेच्या पानावर ते दिलेलं असतं, तुमच्या शीटमध्ये त्यासाठी एक कॉलम करा. अर्ज मेच्या अखेरीपासून पाठवता येतात, पहिल्या काही आठवड्यांत जाऊ दे. आणि निवड झाल्यावर शाळेपेक्षा गाइड जपून निवडायला सांगा. मी एका लॅबमध्ये रोटेशन (गाइड ठरवण्याआधीचं थोड्या दिवसांचं काम) केलं होतं, तिथले साहेब मुलांना सहा-सहा वर्षं सोडत नसत. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेकटं गाठून विचारावं, साहेबांसमोर कोणी बोलत नाही.

तिला हवं असेल तर मला व्यनि (खासगी निरोप) करू दे. इंग्रजीत चालेल.