गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी: गेलात का? नसाल तर कशामुळं अडलं?

सोलापूरच्या मैत्रिणींनो, ३० ते ६५ वयात दर ५ वर्षांनी ही तपासणी करायची असते, काही त्रास नसला तरी. माझ्या मावशीनं अंगावरून जातंय हे ३ वर्षं कुणाला सांगितलं नाही, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला नेलं तोवर उशीर झालता. म्हणून विचारतेय. नाव नको, खरं लिहा.

•

मी कुंभारीला राहते, विड्या वळते. आशाताई चारदा घरी येऊन गेली. लाज नव्हती ओ, पण एक दिवस गेला की हजार विड्यांची मजुरी गेली, ती कोण देणार? शेवटी कारखान्याच्या सुट्टीदिवशी गल्लीतल्या पाचजणी मिळून गेलो. सिस्टरनं ॲसिटिक ॲसिडचं पाणी लावलं, मिनिटभर थांबून पांढरा डाग, म्हणजे संशयाची जागा, उठतोय का बघितलं, झालं. गार लागलं, दुखलं नाही. एवढ्यासाठी दोन वर्षं घालवली मी.

•

माझं उलटं झालं. मी हौसेनं गेले तर पडदा अर्धाच, दार उघडं, मी टेबलावर आणि कुणीतरी केसपेपर घेऊन आत. तशीच उठून आले. मॅडम डॉक्टर असून काय उपयोग, दार लावायचं कुणाला सुचलं नाही. परत जायला ६ वर्षं लागली.

•

सासूबाई म्हणल्या, तपासायला जाणं म्हणजे स्वतःवर आळ घेणं. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो तो एचपीव्ही संबंधातून येतो, एवढंच त्यांनी ऐकलेलं. पण तो बहुतेक बायकांना कधीतरी होतो आणि आपोआप जातो, थोड्याजणींच्यात राहतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला बरीच वर्षं लागतात, म्हणून तर आधी सापडतो. हे मी नाही, नणंदेनं समजावलं, तेव्हा पटलं.

•

पाळी गेली, आता काय राहिलंय, असं मीपण म्हणायचे. ५४ व्या वर्षी डाग निघाला, वेळेत उपचार झाले.

•

माझं माहेर उस्मानाबादकडचं, आताचं धाराशिव. तिथं टाटा आणि बार्शीच्या हॉस्पिटलनं १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केलता, २००९ ला छापून आला: एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे. त्या अभ्यासाच्या वेळी आमच्या गावात तपासणीला न्यायची गाडी आली तर कुणी बसेना. सरपंचाची बायको आधी चढली, मग आई चढली, मग वाडाच रिकामा झाला.

•

कुंभारीच्या ताई, सुट्टीचा वार कुठला? माझी जाऊपण विड्या वळते, तिला घेऊन येते. दोघीपण करून घेतो.