मदत हवी आहे: शिष्यवृत्तीच्या निबंधात विहिरी मोजल्याचं लिहू का?

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे वाचनमात्र. आज अडलंय म्हणून लिहितेय.

एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला आहे, इलेक्ट्रिकल. रिलायन्स फाउंडेशनच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेय. देशभरातून १०० जण घेतात, ६ लाखांपर्यंत मिळतात. गेट परीक्षेत ५५०च्या वर गुण किंवा पदवीला ७.५ सीजीपीए, ही अट बसते. गाडी अडलीय निबंधांवर. समाजासाठी काय केलंत आणि तुमच्या शिक्षणाचा लोकांना काय उपयोग, हे त्यांना हवंय. वर दोन शिफारसपत्रं: एक अभ्यासाबद्दल, दुसरं स्वभाव-नेतृत्वाबद्दल.

एनएसएसचं २४० तासांचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. पण खरं सांगू? त्यातले बरेच तास रॅलीत फलक धरण्यात आणि दरवर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावण्यात गेले. त्यावर लिहायला बसले की दुसऱ्या ओळीलाच हात थांबतो.

मनापासून केलेलं काम वेगळंच आहे. आमचं गाव माण तालुक्यातलं. अकरावीपासून तीन वर्षं, दिवाळीत आणि मे महिन्यात, मी आणि शेजारच्या काकू गावातल्या ११ विहिरींचं पाणी मोजायचो. साधन काय, तर सुतळी आणि टोकाला दगड. दगड बुडाला की सुतळी कठड्याशी चिमटीत धरायची, वर ओढायची आणि चिमटीपासून ओल सुरू होते तिथपर्यंत टेपने मोजायचं. आकडे शाळेच्या वहीत, आणि खडूने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. एका वर्षी दिवाळीतच आकडे इतके खाली गेले, की बऱ्याच जणांनी गव्हाऐवजी हरभरा पेरला. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात, हरभरा एक-दोन पाण्यांवर निघतो. त्या उन्हाळ्यात टँकर आला, पण उशिरा. आमच्यामुळेच, असं मात्र छातीठोकपणे नाही सांगता येणार.

आता अडचण अशी, की याचा कागद काहीच नाही. त्यात कल्पना माझी नव्हे, काकूंची. त्या बचत गटाच्या, सातवी शिकलेल्या. मग 'नेतृत्व' म्हणून मी काय लिहू? आणि दुसरं पत्र कोणाकडून घेऊ? कॉलेजातले सर मला रोल नंबरने ओळखतात. मुदतीला १० दिवस उरलेत.

बांधावरचा: विहिरीच लिही, ताई. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तुमच्या जवळची एखादी असेल तर तिचे आकडे मिळव आणि तुझ्या वहीशेजारी ठेव. दोन्हींचा चढउतार जुळला तर वेगळा कागद कशाला हवा? पत्र शाळेतल्या बाईंकडून किंवा ग्रामसेवकांकडून घे. सरपंचांचं नको, ते सगळ्यांनाच तेच पत्र देतात. (अनुभव आहे.)

ओली_माती: कल्पना काकूंची होती, हे सरळ लिहून टाक. तीन वर्षं सुट्ट्या दिल्यास ना? पहिल्या चाळणीत निवड झाली तर मुलाखत होते, तिथे फुगवलेलं पहिल्या प्रश्नाला उघडं पडतं. आणि तुझ्या विषयाशी सांधा समोरच आहे की. पाणी १० मीटरवरून २० वर गेलं, तर तेवढंच पाणी उपसायला वीज साधारण दुप्पट. रात्रीच्या लायटीला मोटार चालू करायला जाणाऱ्याला विचार. इथून तुझ्या एम.टेक.वर ये.

धागाकर्ती: खूप आभार दोघांचे! विजेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि म्हणे इलेक्ट्रिकल. आत्ता काकूंना फोन केला. वही त्यांनी पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलीय. फोटो पाठवलेत. शाळेतल्या बाई पत्र द्यायला तयार आहेत. एकच शंका: मे महिन्यात पाचव्या विहिरीपुढे काकूंनी आकडा लिहिलेलाच नाही, 'तळ दिसतो' एवढंच लिहिलंय. तक्त्यात ते तसंच ठेवू ना?