अनुदानाचे पैसे मागाला की नमुन्यांना?

ताणाबाणा:
अनुदान मिळालं की छोटे विणकर पहिल्यांदा नवा माग घेतात. त्याने माल वाढतो, गिऱ्हाईक वाढत नाही. माझं मत स्पष्ट आहे : ते पैसे नमुन्यांना लावा.

घाऊक खरेदीदार कापड हातात घेतल्याशिवाय पुढे बोलतच नाही. त्याला तळहाताएवढे तुकडे हवे असतात, तेही सहा-सात रंगांत. बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा, रंग बदलून एकाच ताण्यावर (मागावर आधी लावलेल्या उभ्या धाग्यांवर) काही तुकडे निघतात. पण चौकडा बदलायचा म्हटला की ताणाच नवा. हजारभर धागे एकेक करून फणीतून ओवायचे आणि दोन वार विणून थांबायचं. हा खर्च कुठलंच गिऱ्हाईक देत नाही आणि विणकराला तो झेपत नाही. अनुदान इथेच कामाला येतं.

हिशेबी:
पटलं नाही. बऱ्याच योजनांत आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग पैसे मिळतील असा क्रम असतो. ज्याचं सगळं भांडवल सुतात अडकलंय त्याने आधी खर्च करायचा कुठून? म्हणजे ज्याची ऐपत आहे त्यालाच अनुदान मिळतं. शिवाय प्रदर्शनातला गाळा अनुदानावर घेतलेला असतो. तीन दिवस लोक कापडाला हात लावून कौतुक करतात. पुढच्या वर्षी अनुदान नाही, म्हणून गाळाही नाही. याला गिऱ्हाईक मिळणं कसं म्हणायचं?

ताणाबाणा:
पावत्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. निम्मी रक्कम आधी हातात पडलीच पाहिजे. पण प्रदर्शनाबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. नवा खरेदीदार पहिल्या वर्षी नुसता बघून जातो. दुसऱ्या वर्षी तुम्ही पुन्हा दिसलात की भाव विचारतो. म्हणून एका मोठ्या गाळ्यापेक्षा सलग तीन वर्षं छोटा गाळा मिळाला तर जास्त उपयोग होतो. अनुदान एकाच वर्षाचं देतात, चूक तिथे आहे.

धोटा:
आमचंच सांगतो. अनुदानातून नमुने केले, चांगले फोटो काढून घेतले, आणि खरंच मागणी आली : चारशे मीटर, सहा आठवड्यांत. माग दोन. एका मागावर दिवसाला चार मीटर निघतं. छत्तीस दिवस न चुकता विणलं असतं तरी तीनशेही भरले नसते. नाही म्हणावं लागलं. तो खरेदीदार पुन्हा फिरकला नाही. आजही मनाला लागतं ते. त्या वेळी वाटलं, नवा माग घेणाऱ्यांचं काय चुकलं?

हिशेबी:
म्हणूनच मी म्हणतो, एकेकट्याने गिऱ्हाईक शोधू नये. स्कॉटलंडच्या बेटांवरचं हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड बघा. विणकर आपापल्या घरी विणतात, पण शिक्का सगळ्यांचा एक. तो 1910 साली नोंदला गेला आणि 1993 मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी कायदाच केला. गिऱ्हाईक त्या शिक्क्याकडे येतं. आपल्याकडे 2006 पासून हातमागाच्या कापडासाठी हँडलूम मार्क हा शिक्का आहे. पैसा अशा सामाईक गोष्टींत घाला.

ताणाबाणा:
शिक्का हवाच. पण कापड हातमागाचं आहे एवढंच तो सांगतो. हा निळा माझ्या दुकानात चालेल का, हे खरेदीदार तुकडा उजेडात धरूनच ठरवतो.

धोटा, तुमचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे नमुन्याच्या पुठ्ठ्यावर, तुकड्याच्या खालीच, ‘महिन्याला एवढे मीटर’ असं लिहितो. मोठे खरेदीदार ते वाचून पुठ्ठा परत ठेवतात. जे ठेवत नाहीत, त्यातले दोन गेली चार वर्षं आमच्याकडून कापड नेतायत. त्यांच्याकडचा पहिला पुठ्ठा परवा पाहिला, हाताळून हाताळून तुकड्याच्या कडेचे धागे सुटलेत. नवा द्यायचाय.