सुरसागर, विश्वामित्री, आजवा: पाण्यातल्या जीवाणूंची विविधता कशी मोजावी?

दांडियाबाजार_०७

नमस्कार. एमएस्सीचा प्रकल्प आहे, हातात चार महिने. बडोद्याचं सुरसागर तळं, कालाघोड्याच्या पुलाखालची विश्वामित्री नदी आणि शहराबाहेरचा आजवा जलाशय या तीन ठिकाणच्या पाण्यातल्या जीवाणूंची विविधता ताडून पाहायची आहे.

आतापर्यंतची स्थिती अशी. न्यूट्रिएंट अगारवर ०.१ मिली पाणी पसरवून ३७ अंशांवर २४ तास ठेवलं. तिन्हीकडे साधारण एकसारख्या मलईरंगी वसाहती आल्या आणि आजव्याच्या प्लेटवर तर जेमतेम १०-१२. मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून एक लिटर गाळायचं ठरवलं, पण सुरसागरचं पाणी १५० मिलीलाच अडलं. तेवढ्यावर सीटॅब (एक डिटर्जंट) पद्धतीने डीएनए काढला. द्राव किंचित पिवळट आहे, नॅनोड्रॉप (प्रकाश शोषणावरून डीएनए मोजणारं यंत्र) ४० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर दाखवतो, २६०/२३० हे शुद्धतेचं गुणोत्तर ०.६. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) केल्यावर १६एस या जीवाणू ओळखायच्या जनुकाची पट्टी जेलवर येतच नाही.

प्रश्न दोन: प्लेटचं काम सोडून द्यावं का? आणि पीसीआर कुठे अडते आहे? सीक्वेन्सिंगसाठी (डीएनएचा क्रम वाचायला) बारा नमुन्यांपुरतेच पैसे आहेत.

प्लेटमोजणी

प्लेट सोडू नका, माध्यम आणि तापमान बदला. ३७ अंश आणि २४ तास ही दवाखान्यातल्या जंतूंची सोय आहे. तळ्यातला जीवाणू अर्धपोटी राहायला सरावलेला असतो. न्यूट्रिएंट अगारमध्ये लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन असतं, आर२ए या कमी पोषक माध्यमात ०.५ ग्रॅम. पहिल्यावर चटकन वाढणारे मूठभर प्रकार सगळी प्लेट व्यापतात, म्हणून तुम्हाला तिन्ही ठिकाणं सारखी दिसली.

आर२ए घ्या, २५ ते २८ अंशांवर ७ दिवस ठेवा. मोजणी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, दोन्ही वेळा. तिसऱ्या दिवशी दिसलेल्या वसाहतींना प्लेटच्या पाठीवर निळ्या पेनाने ठिपका द्या, सातव्या दिवशी नव्यांना लाल. लाल ठिपक्यांतच टाचणीच्या टोकाएवढ्या गुलाबी, नारिंगी, पिवळ्या वसाहती सापडतात, आणि वेगळेपणा तिथेच असतो. सात दिवसांत अगार सुकतो, म्हणून प्लेटमध्ये २० ऐवजी २५ मिली ओता आणि प्लेटा उलट्या करून पिशवीत ठेवा.

आर२ए घरीच बनवणार असाल तर फॉस्फेट आणि अगार एकत्र ऑटोक्लेव्ह करू नका. दोन्ही एकत्र तापले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जीवाणू उगवतच नाहीत. फॉस्फेट वेगळ्या बाटलीत निर्जंतुक करा आणि माध्यम ५५ अंशांच्या आसपास निवल्यावर मिसळा.

पातळ करण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर नको, पेशी ताणाखाली येतात. फॉस्फेट बफर किंवा त्याच तळ्याचं गाळून ऑटोक्लेव्ह केलेलं पाणी वापरा. विश्वामित्रीसाठी १०⁻² ते १०⁻⁴, आजव्यासाठी सरळ पाणी आणि १०⁻¹. ३० ते ३०० वसाहतींचीच प्लेट मोजायची. आजव्याच्या १०-१२ वसाहतींवरून आकडा काढणं योग्य नाही.

एवढं करूनही गोड्या पाण्यातल्या पेशींपैकी प्लेटवर येतात त्या साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. हे आकड्यातच दाखवायचं असेल तर डॅपी हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली एकूण पेशी मोजा. पाणी भरल्या भरल्या २ टक्के फॉर्मल्डिहाइड, मग ०.२ मायक्रॉनचा काळा पॉलिकार्बोनेट फिल्टर. पांढरा फिल्टर घेतलात तर तोच चमकतो आणि पेशी दिसत नाहीत. तळ्यात मिलीला दहा लाखांच्या घरात पेशी मिळणं नेहमीचं. हा आकडा आणि प्लेटचा आकडा शेजारी ठेवला की प्रबंधाचा एक तक्ता तयार.

गाळणी_आणि_जेल

तुमची पीसीआर ह्युमिक आम्लांनी (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारे पदार्थ) अडवली आहे. पिवळट रंग आणि ०.६ गुणोत्तर दोन्ही तेच सांगतात. नॅनोड्रॉपच्या ४० वर विश्वास ठेवू नका, ह्युमिक पदार्थही २६० वर प्रकाश शोषतात. क्यूबिटवर (डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजणारं यंत्र) मोजा, बहुधा त्याच्या कितीतरी कमी निघेल.

खात्री करायला एक सोपी चाचणी: ई. कोलायच्या डीएनएची नेहमी यशस्वी होणारी अभिक्रिया लावा. दुसऱ्या नळीत तीच अभिक्रिया, वर तुमच्या नमुन्याचा १ मायक्रोलिटर. दुसऱ्या नळीतली पट्टी गेली तर अडथळा नमुन्यात आहे, प्रायमरमध्ये (प्रती सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांत) नाही. मग नमुना १:१० आणि १:५० पातळ करून, अभिक्रियेत बीएसए (अडथळा आणणारे पदार्थ धरून ठेवणारं प्रथिन) ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर टाकून पाहा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर सिलिका कॉलमवर पुन्हा शुद्ध करा.

काढणीतही दोन जागा तपासा. सीटॅब घालण्याआधी मीठ ०.७ मोलरपर्यंत नेलं होतं का? मीठ कमी पडलं तर सीटॅब डीएनएलाच धरून खाली बसतं. दुसरं, आयसोप्रोपॅनॉल ०.६ पट आणि खोलीच्या तापमानाला. त्याच्याबरोबर बर्फात तासन्‌तास ठेवलं की मीठ आणि एसडीएस हे डिटर्जंटही साचतं. ७० टक्के अल्कोहोलची धुणी दोनदा. लायसोझाइमची पायरी घाईत उरकू नका: १ मिलीग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांवर तासभर, त्यानंतरच एसडीएस आणि प्रोटिनेज-के. जाड भिंतीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह फुटलेच नाहीत तर ते तुमच्या यादीत नाहीतच, आणि पाण्यात ते नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

आता गाळणं. सुरसागरचं पाणी हिरवं असतं, १५० मिलीला अडणं स्वाभाविक आहे. एक लिटरचा हट्ट धरू नका. पॉलिइथरसल्फोनचा फिल्टर घ्या, पॉलिकार्बोनेटपेक्षा बराच उशिरा अडतो. निर्वात २०० मिलीमीटर पाऱ्याच्या आत ठेवा, त्याहून जास्त ओढीने पेशी फुटतात आणि डीएनए खालच्या फ्लास्कमध्ये जातो. थेंब-थेंब यायला लागलं की थांबा आणि किती मिली गेलं ते लिहा. तळ्याचं १५०-२०० मिली पुरेसं आहे. आजव्याचं एक लिटर घ्या.

आधी ३ किंवा ५ मायक्रॉनच्या फिल्टरने शेवाळ काढता येतं, पण कणांना चिकटून राहणारे जीवाणूही त्याबरोबर जातात. तो पहिला फिल्टर फेकू नका, त्याचाही डीएनए काढा. पैसे नसतील तर पूर्व-गाळणी तिन्ही ठिकाणी करा किंवा कुठेच करू नका. एका ठिकाणी करून दुसरीकडे टाळलीत तर तुलनाच मोडते.

विश्वामित्रीच्या काठावर उतरायचं नाही. मगरी आहेत, आणि गढूळ पाण्यात हातभर अंतरावरची मगरही दिसत नाही. पुलावरून दोरीला बांधलेली स्टीलची बादली सोडा, नदीच्याच पाण्याने तीनदा विसळा, चौथी भरा. बाटली बर्फाच्या डब्यात, सहा तासांच्या आत गाळणी. पाणी बाटलीतच गोठवून ठेवू नका, पेशी फुटतात. गोठवायचा तो गाळलेला फिल्टर, उणे ८० अंशांवर.

दांडियाबाजार_०७

१:५० पातळ करून, बीएसएसह पट्टी आली. १:१० ला अजून फिकी आहे. क्यूबिटवर ३.१ नॅनोग्रॅम निघाला. मनापासून आभार.

बारा नमुने कसे वाटावेत? तीन ठिकाणं, चार महिने, दर महिन्याला एकेक, असं मनात होतं.

व्ही३व्ही४

तसं करू नका. महिन्याला एकच नमुना घेतला तर दिसलेला फरक महिन्याचा की त्या एका बाटलीचा, हे सांगताच येणार नाही. एकच महिना धरा. तीन ठिकाणं, प्रत्येकी तीन बाटल्या, म्हणजे नऊ. बाटल्या वेगवेगळ्या बिंदूंवर भरायच्या. एकाच बाटलीचे तीन फिल्टर धरले तर ती पुनरावृत्ती नव्हे. तिन्ही ठिकाणी सकाळी एकाच सुमारास, ३० सेंटिमीटर खोलीवरून. दुपारी वरचा थर तापून वेगळा झालेला असतो.

उरलेले तीन नमुने कोऱ्या नियंत्रणांना द्या: शुद्ध पाणी गाळलेला फिल्टर, फक्त काढणीची रसायनं, आणि फक्त पीसीआर मिश्रण. हा खर्च अनेकांना जड वाटतो, पण आजव्यासारख्या कमी पेशींच्या पाण्यात त्याशिवाय इलाज नाही. राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम अशी नावं किटमधूनही येतात, आणि कोरा नमुना नसेल तर त्यांना तळ्याचे रहिवासी समजून बसाल. १:५० पातळ केलेल्या नमुन्यातही हाच धोका.

प्रायमर ३४१एफ आणि ७८५आर (१६एसच्या व्ही३-व्ही४ भागाचे), वाचन २ गुणिले ३००, म्हणजे दोन्ही टोकांकडून ३०० बेस. पीसीआरची चक्रं २५ च्या आसपास ठेवा. ३५ केलीत तर दोन जीवाणूंचे तुकडे जुळून खोटे क्रम वाढतात. तुकडा सुमारे ४६५ बेसचा असतो. डाडा२ या क्रम शुद्ध करायच्या आज्ञावलीत पुढचं वाचन २७० आणि उलटं २२० वर कापलंत तर ४९० होतात, म्हणजे जोडायला २५ उरतात. किमान मर्यादा १२ आहे. उलट्या वाचनाची प्रत वाईट दिसली म्हणून १८० वर कापाल, तर जवळपास एकही जोडी जुळणार नाही. प्रयोगशाळेने प्रायमर आधीच काढून दिलेत का, ते विचारून घ्या. तसं असेल तर हा हिशेब बदलतो.

सुरसागरच्या यादीत क्लोरोप्लास्ट भरपूर निघेल, शेवाळाचा आहे तो. सिल्वा हा १६एस क्रमांचा कोश लावल्यावर क्लोरोप्लास्ट आणि मायटोकॉन्ड्रिया दोन्ही वगळा, पण सांभाळून. आर या संगणकभाषेत 'गण क्लोरोप्लास्ट नसलेले ठेवा' एवढंच लिहिलं तर ज्यांचा गण ओळखलाच गेला नाही, अशा रिकाम्या ओळीही गुपचूप उडतात. गोड्या पाण्यात अनोळखी क्रम पुष्कळ असतात. वगळण्याआधी आणि नंतर एकूण वाचनं मोजा; क्लोरोप्लास्ट व मायटोकॉन्ड्रियाच्या बेरजेपेक्षा जास्त घट दिसली तर हेच झालंय.

टक्केवारी वाचताना एक भान हवं. एसीआय या गोड्या पाण्यातल्या गटाच्या ॲक्टिनोबॅक्टेरियाकडे १६एसची एकच प्रत असते, काही जीवाणूंकडे दहाच्या वर. त्यामुळे वाचनांची टक्केवारी म्हणजे पेशींची टक्केवारी नव्हे. हाच एसीआय गट तळ्यांत मुबलक असतो, पेशी इतक्या बारीक की काही ०.२२ मधूनही निसटतात, आणि आर२एवर उगवत नाहीत.

प्लेटमोजणी

त्यालाच जोडून: आर२एवरचे वेगळे दिसणारे १५-२० जीवाणू शुद्ध करून २७एफ-१४९२आर प्रायमरने सँगर पद्धतीने एकेकाचा क्रम वाचून घ्या. ते क्रम सीक्वेन्सिंगच्या यादीत शोधा, आणि किती सापडत नाहीत तेही लिहा. दोन्ही यादींची तुलना ३४१ ते ७८५ या भागापुरतीच करायची, १४०० बेसच्या पूर्ण क्रमाशी नाही. आणि शुद्ध केलेले जीवाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला आजच ठेवा. आर२एवरचे बरेच जीवाणू तिसऱ्या-चौथ्यांदा नव्या प्लेटवर रेघ ओढल्यानंतर उगवेनासे होतात.