जेवणाच्या टेबलावर नाटक – डिनर थिएटरला 'थिएटर' म्हणायचं का?

नाट्यवेडी:
लेकीकडे अमेरिकेत गेले होते तेव्हा ती हौसेने एका डिनर थिएटरला घेऊन गेली. म्हणजे टेबलखुर्च्या, आधी जेवण आणि मग तिथेच बसून समोर म्युझिकल. कामं छान करत होते सगळे, पण हिरॉईन अगदी हळू काहीतरी सांगतेय आणि शेजारच्या टेबलावरचे काका अजून चिकन कापतायत, ती सुरी प्लेटवर घासल्याचा आवाज कानातून जात नाहीये माझ्या. आपल्याकडे तिसरी घंटा झाल्यावर वेफर्सचं पाकीट उघडलं तरी मागून शुक् शुक् होतं. मला तर हा सरळ हॉटेलधंदा वाटला, नाटक तोंडी लावायला.

मिनेसोटाकर:
ताई, एका काकांवरून अख्खा प्रकार निकालात काढू नका हो. आमच्या मिनियापोलिसजवळ चॅनहॅसनला १९६८ पासून डिनर थिएटर चालू आहे, हर्ब ब्लूमबर्ग नावाच्या बांधकामवाल्याने उभारलेलं. तिथे 'आय डू! आय डू!' हे फक्त दोन पात्रांचं म्युझिकल १९७१ ते १९९३ चाललं, साडेसात हजारांवर प्रयोग, तेच दोघं कलाकार, आणि नवरा-बायकोचं काम करता करता त्यांनी खरंच लग्न केलं! नुसत्या चिकनवर बावीस वर्षं कोण येईल? आणि इथे जानेवारीत उणे वीसमध्ये एकदा गाडी लावली की जेवायला एकीकडे, नाटकाला दुसरीकडे असं कोणी फिरत नाही.

चहाबाज:
साडेसात हजार म्हणजे प्रशांत दामल्यांच्या जवळ की!

मिनेसोटाकर:
दामल्यांचे साडेबारा हजार सगळी नाटकं धरून, २०२२ मध्ये झाले. हे एकाच नाटकाचे, तेही एकाच जागी.

विंगेतला:
मी नाट्यवेडींच्या बाजूने. बावीस वर्षं तेच नाटक ही कौतुकाची गोष्ट की नवीन काही करायची भीती? तिकिटात जेवण धरलं की किचन, वाढपी, भांडी सगळ्यांचा खर्च त्यातच, मग हाऊसफुल्ल होणारंच नाटक लावावं लागतं. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालेल असं. जरा टोचणारं काही लावायची हिंमत कोण करेल? शिवाय काही ठिकाणी नटच वाढायला येतात म्हणे, आत्ता पाणी ओतून गेला तो दहा मिनिटांत राजा. कसा विश्वास बसायचा?

चहाबाज:
हॉलिवूडची नटी एमी ॲडम्स कोलोरॅडोत बोल्डरच्या डिनर थिएटरला असंच करायची, टेबलंही सांभाळायची आणि नाचायचीही, तिथून चॅनहॅसनला आली. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. आणि विंगेतले भाऊ, आपल्या प्रायोगिकवाल्यांनी नेपथ्य स्वतः टेम्पोत चढवलं की ती निष्ठा, आणि तिकडे पोरीने ताट उचललं की कमीपणा?

विंगेतला:
ताट उचलण्यात कमीपणा नाहीच, पण टेम्पोतून उतरल्यावर प्रेक्षक मला टिप देत नाही. ज्याच्याकडून टिप घ्यायची त्याच्यासमोर त्याला न आवडणारं काही बोलून बघा.

नाट्यवेडी:
टिपचा मुद्दा मान्य. पण त्या जोडीचा किस्सा वाचून पाघळले मी जरा, मिनेसोटाकर. लेकीला विचारते चॅनहॅसन किती लांब पडतं ते. फक्त एक सांगा, पडदा वर जायच्या आधी प्लेटा उचलतात ना?

मिनेसोटाकर:
मी गेलो त्या दोन्ही वेळा उचलल्या होत्या. मध्यांतरात डेझर्ट येतं, चमच्याने खायचं, सुरी नाही :)